बावीस मोळ्या

एका डोंगराच्या पायथ्याला पेठेचे एक गाव होते आणि त्या गावात एक लाकूडवाला राहत होता. त्याच्याजवळ एक बैल, एक गाडी आणि गावाबाहेर एक छोटी वखार होती. वखार म्हणजे काय, तर चार खांब, वर गवताचे छप्पर आणि खाली सरपणाचे ढीग.

हा लाकूडवाला बोलायला फार लाजायचा. बाजारात कोणी हाक मारली तर तो नुसती मान हलवी आणि पुढे जाई. पूर्वी तो गावातल्या मोठ्या वखारीत ओझी उचलायचा. त्याने स्वतःचा धंदा काढायचे ठरवले, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "अहो, धंदा म्हटला की बोलणं आलं. तुम्हाला जमेल का?"

"सरपण विकायला काय बोलावं लागतं?" तो म्हणाला. "चांगलं असलं की पेटतं."

मोठ्या वखारीत सरपण कसे मिळते ते त्याने ओझी उचलता उचलता पाहिले होते. जाड ओंडके, त्यात ओले आणि सुके एकत्र. सालीखाली वाळवी आणि विंचू. बायका फुंकणीने फुंकून फुंकून थकायच्या आणि डोळे पुसत भाकरी थापायच्या. त्याने ठरवले की आपण असे द्यायचे नाही. तो लाकूड बारीक फोडी, उन्हात घाली आणि मग सगळी साल सोलून काढी, कारण ओल आणि किडे सालीखालीच लपतात. पांढऱ्या स्वच्छ काठ्यांची मोळी तो अंबाडीच्या दोरीने बांधी. आठवड्याच्या ठरलेल्या वारी मोळी घरोघर दाराशी ठेवी, कडी एकदा वाजवी आणि दार उघडायच्या आत निघून जाई.

मोठा वखारवाला त्याला भर बाजारात चिडवायचा. "काय रे, लाकडाला आंघोळ घालतोस म्हणे! आता काजळ घाल, टिकली लाव, म्हणजे पाठवणी करायला मोकळा."

लोक हसायचे. लाकूडवाला मान हलवून पुढे जायचा. पण त्याच्या काठ्या एका फुंकरीत पेटायच्या, आणि हे एका चुलीवरून दुसऱ्या चुलीवर कळत गेले. आधी पाच घरे झाली, मग दहा, मग बावीस.

बावीस घरांना पुरेल एवढे लाकूड सोलायला नवरा-बायकोचे हात पुरेनात. तेव्हा लाकूडवाल्याने लाकूडतोड्यांना सांगितले, "साल तिकडंच काढून आणत जा. मला पांढऱ्या काठ्याच पाहिजेत."

बायकोला हे पटले नाही. ती म्हणाली, "साल इथं आपल्यासमोर निघालेली बरी. साल बघितली की झाड कळतं. ऐन असला तर मगरीच्या पाठीसारखा, धावडा असला तर गुळगुळीत. सोललेली काठी हातात घेऊन सांगाल का, कशाची आहे ती?"

"वेळ कुठं आहे?" तो म्हणाला.

आणि खरोखरच वेळ नव्हता. पुनवेला गावदेवीचा भंडारा होता. त्या दिवशी हजार माणसे जेवत. आजवर भंडाऱ्याचे सरपण मोठ्या वखारीतूनच जाई. पण यंदा पंचांनी लाकूडवाल्याला पारावर बोलावले होते. "तुझ्या लाकडाचं सगळीकडे चांगलं ऐकतो," थोरले पंच म्हणाले होते. "पुनवेपर्यंत असंच चाललं, तर यंदाचं सरपण तुझं." ज्याचे सरपण भंडाऱ्याला लागे, त्याच्याकडे वर्षभर गिऱ्हाईक तुटत नसे. लाकूडवाला त्या दिवशी घरी आला तो मुका झाल्यासारखाच. बायकोला सांगायलाही त्याला दोन वेळा पाणी प्यावे लागले.

पुनवेला आठ दिवस उरले असताना एक नवा लाकूडतोड्या माल घेऊन आला. तो खालच्या मैदानातला होता, डोंगरात नुकताच कामाला लागला होता. त्याच्या काठ्या पांढऱ्याशुभ्र होत्या. लाकूडवाल्याने एक काठी मोडून पाहिली, कडाडून मोडली. त्याने बाकीच्या काठ्या पाहिल्या नाहीत. सकाळीच बावीस मोळ्या बांधल्या, गाडीत घातल्या आणि घरोघर पोचवायला निघाला.

शेवटची मोळी परटाची होती. परटाची भट्टी ओढ्याकाठी होती आणि तिथे पोचेपर्यंत दुपार टळली होती. लाकूडवाला मोळी खाली ठेवून जायला वळला, तेवढ्यात परीट म्हणाला, "थांब. खांद्यावर काय सांडलंय?"

लाकूडवाल्याने मान वळवून पाहिले. सदऱ्यावर, जिथे मोळ्या टेकल्या होत्या तिथे, काळे ठिपके पडले होते.

"डिंक असेल," तो पुटपुटला.

"डिंक काळा असतो होय?" परटाने सदऱ्याचे टोक बोटांत धरले आणि पाणी लावून चोळले. ठिपका हलला नाही. "अरे बाबा, गावभरच्या कपड्यांवर कोणाचं कोणतं कळावं म्हणून मी बिब्ब्यानं खुणा करतो. माझी दाढी पांढरी झाली, पण ती खूण कधी धुऊन निघाली नाही. हा बिब्बा आहे. खांदा खाजतोय का?"

लाकूडवाल्याला तेव्हा कळले की आपण सकाळपासून खांदा खाजवतो आहोत.

दोघांनी मोळी सोडली. एक एक काठी उन्हात फिरवून पाहिली. सगळ्या पांढऱ्या होत्या, पण एका काठीच्या पोटात काळी रेघ होती. रेघेतून काळपट रस पाझरत होता.

बिब्ब्याचा रस अंगाला लागला तर फोड येतात, हे त्या गावात सर्वांना ठाऊक होते. पण बिब्ब्याचे लाकूड चुलीत घातले तर त्याच्या धुराने तोंड सुजते आणि डोळे मिटून जातात. डोंगरातला लाकूडतोड्या त्या झाडाला कुऱ्हाड लावत नाही. मैदानातून आलेल्याला ते माहीत नव्हते, आणि साल बघून ओळखावे तर साल सोलून आणायला लाकूडवाल्यानेच सांगितले होते.

दिवेलागणीला गावातल्या चुली पेटायच्या. सूर्य चिंचेच्या शेंड्यावर आला होता.

परीट मनाने वाईट नव्हता. तो हळूच म्हणाला, "माझी मोळी तू घेऊन जा. बाकीच्यांत असेल नसेल, कोणास ठाऊक. आठ दिवसांवर भंडारा आलाय. एखाद्याचं तोंड सुजलं तर म्हणेल, काहीतरी चावलं. मी कोणाला सांगणार नाही."

लाकूडवाल्याने मोळी उचलून गाडीत टाकली. "मामा, चुलीसमोर बायका बसतात," तो म्हणाला. "आणि त्यांच्या मांडीवर पोरं." एवढे बोलून त्याने बैल गावाकडे हाकला.

पण वाटेत त्याला भीतीने घेरले. बिब्ब्याचे नाव काढले की भंडारा गेला, हे त्याला स्पष्ट दिसत होते. मग त्याने मनाशी एक युक्ती योजली. मोळ्या परत घ्यायच्या, पण कारण दुसरे सांगायचे. लाकूड ओले निघाले म्हणायचे आणि बदलून द्यायचे. कोणाला इजा नको आणि आपले नाव जायला नको.

पहिले घर शिंपीणमावशीचे होते. त्याने कडी वाजवली आणि या वेळी तो दारात उभा राहिला.

"बाई गं!" मावशी म्हणाली. "आज पळाला नाहीस?"

"मावशी, मोळी जरा ओली निघाली. बदलून देतो."

"एवढ्यासाठी परत आलास? उन्हातान्हाचा?" मावशीचा चेहरा खुलला. "असू दे रे बाबा. ओली तर ओली. चुलीजवळ ठेवीन, वाळेल. तो मोठा वखारवाला तर पाण्यातनं काढून देतो, तो कधी आला का विचारायला? जा, घरी जाऊन भाकर खा."

"पण मावशी…"

"जा म्हणते ना!" आणि तिने मायेने दार लावून घेतले.

दुसरे घर हलवायाचे. हलवाई म्हणाला, "ओली? मग बरंच झालं. खवा आटवायला मला मंद आचच लागते. तुझ्यासारखा प्रामाणिक माणूस गावात नाही, मी पंचांनाही सांगितलंय. काळजी करू नकोस."

तिसऱ्या घरी मोळी अर्धीच उरली होती. तिथल्या सुनेने अर्ध्या काठ्या शेजारणीला उसन्या दिल्या होत्या. "ओल्याच होत्या ना? मग तिच्याकडं वाळतील," असे म्हणून ती हसली.

लाकूडवाला गल्लीत उभा राहिला. तीन घरे झाली होती आणि गाडीत परटाची एकच मोळी होती. सूर्य चिंचेच्या शेंड्यावरून फांद्यांत उतरला होता. लोक त्याच्यावर माया करत होते, आणि त्याने सांगितलेल्या खोट्यामुळे ती मायाच आता त्यांच्या डोळ्यांवर उठणार होती.

त्याने बैलाची वेसण धरली आणि गाडी सरळ चौकात नेली.

चौकात संध्याकाळचा बाजार भरला होता. पारावर पंच बसले होते. त्यांच्याशी बोलत मोठा वखारवालाही तिथेच उभा होता. लाकूडवाला गाडीवर चढला. त्याने तोंड उघडले, पण आवाज आला नाही. खाली भाजीवाली म्हणाली, "काय रे, उंचावरून भाव पडतोय का बघतोस?"

त्याने गाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि असा ओरडला की पारावरचे पारवे उडाले.

"माझ्या मोळ्यांत बिब्बा आहे! आज दिलेली माझी मोळी कोणी पेटवू नका! चूल पेटली असेल तर विझवा! माझ्या मोळ्यांत बिब्बा आहे!"

बाजार थांबला. त्याने तेच पुन्हा सांगितले, आणि पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला, पण शब्द स्पष्ट होते.

"ऐका, ऐका!" मोठा वखारवाला टाळ्या पिटत पुढे आला. "आंघोळ घातलेलं सरपण काय म्हणतंय ऐका! आमच्या लाकडात वाळवी असेल बाबांनो, पण बिब्बा नाही!"

पण बायका त्याचे ऐकायला थांबल्या नाहीत. ज्या बाजारात होत्या त्या घराकडे धावल्या. गल्ल्यागल्ल्यांतून निरोप गेला. थोड्याच वेळात मोळ्या येऊ लागल्या. कोणी डोक्यावरून आणली, कोणी ओढत आणली, कोणी दुरूनच फेकली. एका घरी चूल पेटली होती, पण त्या घरच्या आजीने तिच्यावर घागर ओतली होती. ती भिजलेली लाकडे घेऊन आली आणि लाकूडवाल्याच्या पायाशी टाकून म्हणाली, "माझी आमटी गेली रे मेल्या."

हलवाई आला तो लालबुंद होऊन. "मघाशी ओली म्हणाला होतास!"

"खोटं बोललो, काका," लाकूडवाला म्हणाला. "लाज वाटली मला. म्हणून खोटं बोललो."

हलवायाने मोळी आपटली आणि निघून गेला. शिंपीणमावशी आली. तिने मोळी हळूच ठेवली, पण तिनेही त्याच्याकडे पाहिले नाही.

लाकूडवाल्याने मोजले. उसन्या गेलेल्या काठ्याही परत आल्या होत्या. परटाची धरून एकवीस मोळ्या झाल्या. एक यायची होती.

ती कोणाची, हे त्याला माहीत होते. दर आठवड्याला ती मोळी तो एका मोठ्या घराच्या मागल्या दारी ठेवायचा, आणि त्या घरच्या बाईने ओठांवर बोट ठेवून कोणाला सांगू नकोस अशी खूण केली होती. ते घर मोठ्या वखारवाल्याचे होते.

लाकूडवाला गाडीवरून उतरला आणि त्या घराच्या दिशेने पळाला.

"ए! माझ्या घराकडं कुठं?" मोठा वखारवाला त्याच्या मागे धावला. "माझ्या अंगणात लाकडाचे डोंगर पडलेत. माझ्या घरी तुझी काडी कशाला येईल?" आणि आता काहीतरी गंमत होणार म्हणून अर्धा बाजार त्यांच्या मागे निघाला.

लाकूडवाला मागल्या दाराने आत घुसला. दाराला लागूनच बाळंतिणीची खोली होती. मोठ्या वखारवाल्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाजेवर ती आणि तिचे नऊ दिवसांचे बाळ निजले होते. बाजेखाली शेगडी भरलेली होती, त्यात पांढऱ्या काठ्यांचे तुकडे रचलेले होते, आणि घरची बाई चिमट्यात निखारा धरून वाकली होती.

"ठेवू नका!" लाकूडवाला ओरडला. "त्यात बिब्बा आहे!"

बाई मागे झाली. निखारा फरशीवर पडला. लाकूडवाल्याने शेगडी ओढून अंगणात नेली आणि उपडी केली. सगळ्यांसमोर त्याने काठ्या फिरवून पाहिल्या. दोन तुकड्यांच्या पोटात काळी रेघ होती.

मोठा वखारवाला कधी काठ्यांकडे तर कधी बायकोकडे बघत राहिला. "हे सरपण आपल्या वखारीतलं नाही," तो म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. तिने पदर सारखा केला आणि मान खाली घातली नाही. "अहो, आपल्या लाकडाचा धूर मलाच सोसत नाही, लेकराला कुठून सोसणार?"

मागे कोणीतरी फिसकन हसले. मोठ्या वखारवाल्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढले. पण तो गप्प बसणारा नव्हता. तो लोकांकडे वळून म्हणाला, "असेल, माझ्या लाकडाचा धूर होत असेल. पण त्यानं कोणाचे डोळे गेले असते का? आज माझ्या घरात काय झालं असतं, ते ह्याला विचारा!"

आणि हे खरे होते. लाकूडवाल्यालाही ते खरे वाटले.

थोरले पंच पुढे आले. ते म्हणाले, "बाबा, तू येऊन सांगितलंस, हे चांगलं केलंस. पण भंडाऱ्याला हजार माणसांचा स्वयंपाक शिजतो. यंदा आम्हाला धीर होत नाही."

लाकूडवाल्याने मान हलवली. बाविसाव्या मोळीतल्या उरलेल्या काठ्या गोळा केल्या, चौकात जाऊन बाकीच्या मोळ्या गाडीत भरल्या आणि गाडी वखारीकडे नेली.

दुसऱ्या दिवशी त्याचा खांदा उतला. मोठमोठे फोड आले. तरीही नवरा-बायकोने हातांना चिंध्या गुंडाळून बावीस मोळ्या सोडल्या आणि काठी न् काठी तपासली. बिब्ब्याच्या अकरा काठ्या निघाल्या. लाकूडवाल्याने खोल खड्डा खणून त्या पुरल्या. नवा लाकूडतोड्या आला, तर त्याचेही तळहात सुजले होते. तो रडवेला होऊन म्हणाला, "मालक, मला ठाऊक नव्हतं."

"साल काढून आण, असं मीच म्हणालो होतो," लाकूडवाला म्हणाला. "हात बरे होऊ देत. मग ये. पण लाकूड सालीसकट आण."

बायकोने त्याच्या खांद्याला खोबरेल लावता लावता विचारले, "आता काय करायचं?"

"पुन्हा इथंच सोलायचं," तो म्हणाला. "थोडं निघेल, तर थोडं निघू दे. जेवढ्या काठ्या आपल्या डोळ्यांखालून जातील तेवढ्याच विकायच्या."

बावीस घरांतली सात उरली. भंडाऱ्याला मोठ्या वखारीचे सरपण गेले आणि लाकूडवाला इतरांबरोबर पंगतीत बसून जेवला. कोणी त्याच्या पानाजवळून जाताना "बिब्बा वाढू का?" असे विचारले. तो मान खाली घालून जेवत राहिला, आणि उठून दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा साल सोलायला बसला.

त्याने एक नवी रीत पाडली. प्रत्येक मोळीत तो त्या लाकडाच्या सालीची एक पट्टी खोचू लागला. घेणाऱ्याने पट्टी बघायची, काठी बघायची आणि मगच मोळी आत न्यायची. आधी बायकांना त्यातले काही कळत नसे. हळूहळू त्या शेजारणीला सांगू लागल्या, "हा धावडा बघ. हा भाकरीला चांगला. आज ऐन दिलाय, डाळ शिजत ठेवायला बरा." हिवाळा सरेपर्यंत सातांची बारा घरे झाली. हलवाई मात्र आला नाही. मोठ्या वखारवाल्याची बायको आली. आता ती मोळी पुढल्या दारी ठेवायला सांगायची, आणि तिचा नवरा त्या वेळी वखारीत काहीतरी काम काढून निघून जायचा.

पुढच्या वर्षीच्या भंडाऱ्याचे सरपण मागायला लाकूडवाला पंचांसमोर उभा राहिला. त्यांनी नाही म्हटले. तो त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा जाणार होता.

एके सकाळी तो शिंपीणमावशीच्या दारात मोळी ठेवत होता. त्याने कडी वाजवली आणि नेहमीसारखा निघाला. मावशीच्या शेजारी एक नवी सून राहायला आली होती. ती कुंपणावरून बघत होती. लाकूडवाला वळणापलीकडे गेल्यावर तिने विचारले, "मावशी, ह्याच्याच मोळीत बिब्बा निघाला होता ना? मग ह्याच्याकडून कशा घेता?"

"म्हणून तर घेते," मावशी म्हणाली.

"म्हणजे?"

"अगं, ह्याच्या सरपणात खोट असली तर हा गाडीवर चढून भर चौकात ओरडतो. सगळ्या गावानं ऐकलंय." मावशीने मोळी उचलून काखेत धरली. "आज बघ, एक शब्द न बोलता गेला. तेव्हा तूही घे एक मोळी, आणि खुशाल चूल पेटव."

तात्पर्य: ज्याला आपली चूक चारचौघांत मोठ्याने सांगता येते, त्याच्या गप्प राहण्यावरसुद्धा लोक विश्वास ठेवतात.